एफएफटीत दिसलेला १०२ किलोहर्ट्झचा तोतया

एलएम२५९६ या आयसीचं बाजारात मिळणारं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड), १२ व्होल्टचे ५ करणारं. आउटपुटवरचा रिपल, म्हणजे डीसीवरची बारीक लहर, बघायला ऑसिलोस्कोप लावून एफएफटी (सिग्नलमध्ये कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत ते दाखवणारा आलेख) चालू केली. डेटाशीटप्रमाणे आयसीचं स्विचिंग, म्हणजे चालू-बंद होणं, १५० किलोहर्ट्झच्या आसपास हवं. पडद्यावर सगळ्यांत उंच पीक मात्र १०२ ला, आणि खाली ४६, ५६ ला दोन बुटके. मित्राने लगेच निकाल दिला, "आयसी डुप्लिकेट आहे. ५२ किलोहर्ट्झचा एलएम२५७६ घासून नवं नाव छापलंय, १०२ म्हणजे त्याचा दुसरा हार्मोनिक, साधारण दुप्पट." असले आयसी सर्रास मिळतात, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

माझी नजर गेली टाइमबेसकडे, म्हणजे पडद्यावरच्या एका चौकोनात (डिव्हिजनमध्ये) किती वेळ मावतो त्या सेटिंगकडे. डिव्हिजनला १ मिलिसेकंद, दहा डिव्हिजन, मेमरी २५०० पॉइंटची. म्हणजे सॅम्पलिंग, सिग्नलची मोजणी, सेकंदाला अडीच लाख वेळा. डब्यावर १ गिगासॅम्पल छापलेलं असेना का, या सेटिंगला सॅम्पलिंगच्या निम्म्याच्या, म्हणजे १२५ किलोहर्ट्झच्या, वरचं सगळं दुमडून खाली येणार. नॉब फिरवून २५० मायक्रोसेकंदावर आणला, म्हणजे सॅम्पलिंग चौपट. खरं पीक असतं तर १०२ लाच राहिलं असतं. ते गायब झालं आणि १४८ ला नवं उभं राहिलं. २५० वजा १४८, बरोबर १०२! दुसरा हार्मोनिक २९६ चा ४६ झाला होता, तिसरा ४४४ चा ५६. आयसीवरचा आळ गेला.

मित्राला तरी पटेना. मग टाइमबेस परत १ मिलिसेकंदावर नेऊन फंक्शन जनरेटर जोडला आणि साइन वेव्ह हळूहळू वर नेली. ११०, १२०, पीक उजवीकडे सरकतंय. १२५ ओलांडलं आणि ते मागे फिरलं, उंची तेवढीच! २४९ ला तर वेव्हफॉर्ममध्ये १ किलोहर्ट्झची देखणी साइन वेव्ह. आता तो गप्प.

अडचण पुढेच होती. अडॅप्टरमधून येणारा १०० हर्ट्झचा रिपलही मोजायचा होता. एफएफटी २०४८ पॉइंटची, तेव्हा अडीच लाख सॅम्पलिंगला दोन रेघांमधलं अंतरच १२२ हर्ट्झ, त्यात १०० हर्ट्झ नीट दिसणार नाही. टाइमबेस २५ मिलिसेकंदावर न्यावा तर ते ५ हर्ट्झच्या आत येतं, पण सॅम्पलिंग १० हजारांवर घसरतं आणि स्विचिंगचा कचरा कुठेही येऊन बसतो. स्कोपमधली २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट इथे काही कामाची नाही, ती त्याच्या वरचंच अडवते. शेवटी प्रोबच्या आधी १ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरडचा फिल्टर जोडला. १०० हर्ट्झला धक्का नाही, १४८ किलोहर्ट्झ मात्र नव्वदपटीहून जास्त खाली.