कमरेला काय बांधावे

गेल्या मार्च महिन्यात, रात्री पावणेअकराच्या सुमारास, ह्यूस्टनजवळच्या माझ्या दुकानात एका तरुणाने सदऱ्याचा काठ वर करून कमरेचे पिस्तूल दाखवले आणि गल्ला रिकामा करायला सांगितले. मी पैसे दिले, तो निघून गेला, कोणाला साधे खरचटलेही नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी मी स्वतःसाठी पिस्तूल घेतले. या दिवाळीत नाशिकला घरी आलो, तेव्हा ही गोष्ट गंगापूर रोडच्या घरात सर्वांसमोर निघाली आणि निफाडच्या काकांनी एकच प्रश्न विचारला, “तुझ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे का?” त्या प्रश्नामुळेच हे लिहीत आहे.

तिकडे पिस्तूल भाजीसारखे मिळते, हा आपल्याकडचा समज मला खटकतो. मी एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर होतो तोवर, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, केंद्रीय कायद्याने मला शस्त्र बाळगण्यास मनाई होती. ग्रीन कार्ड मिळाल्यावरच तो मार्ग खुला झाला. दुकानदारासमोर ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, आणि त्यावरून पार्श्वभूमीची तपासणी होते. तरीही पिस्तूल त्याच दिवशी माझ्या हातात आले, हे मान्य केले पाहिजे. काकांनी बाराबोअर बंदुकीच्या परवान्यासाठी किती खेपा घातल्या, हे आमच्या घरात अजून सांगितले जाते. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढांना परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. मी मात्र परवाना काढला, वर्ग केला आणि ३, ७ व १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्यांची परीक्षा दिली, कारण न शिकता शस्त्र बाळगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

निवड करताना माझा पहिला ओढा सर्वांत लहान पिस्तुलाकडे होता. रुगर एलसीपी रिकामे असताना जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम भरते आणि पँटच्या खिशात सहज मावते. परंतु नेमबाजीच्या रेंजवर लक्षात आले की पिस्तूल जितके हलके, तितका झटका हाताला अधिक बसतो. मुठीत दोनच बोटे मावत होती आणि दहाव्या गोळीनंतर मी चाप ओढण्याआधीच नकळत हात आवळू लागलो. नंतर पाच गोळ्यांचे, घोडा आत झाकलेले स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर पाहिले. ते खिशात कशात अडकत नाही, पण त्याचा चाप इतका जड की सात यार्डांवरही माझा नेम खाली जाई. शेवटी सिग सावरचे पी३६५ घेतले. नऊ मिलिमीटरचे, सुमारे अर्धा किलोचे, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. हा बोअर, म्हणजे नळीचे हे माप, आपल्याकडे निषिद्ध वर्गात मोडतो, हे ऐकून काकांच्या भुवया वर गेल्या.

खरी अडचण मात्र पिस्तुलाची नव्हती, कामाची होती. दिवसभर मी खालच्या फळ्यांवर डबे लावायला वाकतो, उंच स्टुलावर बसतो, शीतकपाटातून जड खोकी काढतो. कमरेच्या मागच्या बाजूला लावलेले पिस्तूल वाकताच सदऱ्यातून उठून दिसे आणि पुढे लावलेले बसल्यावर पोटात रुते. तीन होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अडकवायची म्याने, बदलल्यावर उजव्या कुशीवर, थोडे पुढे कललेले, चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर ठरले, आणि त्याबरोबर पिस्तुलाचे वजन पेलणारा जाड पट्टा व एक माप मोठे सदरे. गल्ल्याखाली पिस्तूल ठेवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही, कारण तिथे कामावरचा मुलगा असतो, कधी माझी लेक असते, आणि मी मागच्या खोलीत असताना ते शस्त्र ज्याचा हात आधी पोहोचेल त्याचे होईल.

पैशासाठी मी ते काढणार नाही. पुन्हा कोणी गल्ला मागितला तर पुन्हा देईन. पण पैसे घेऊनही जो मला किंवा पत्नीला मागच्या खोलीत चला म्हणेल, त्याच्यासमोर रिकाम्या हाताने उभे राहायचे नाही, एवढेच मी ठरवले आहे.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर “नाही” असे होते. त्यांची बाराबोअर सगळ्या गावाला ठाऊक आहे. निवडणुकीत ती पोलीस ठाण्यात जमा होते तेव्हा पावतीसुद्धा चारचौघांत दाखवली जाते. उसात बिबट्या आला की लोक त्यांनाच हाक मारतात. माझ्याकडून रोज दूध नेणाऱ्या म्हाताऱ्या शेजारणीला मात्र माझ्या सदऱ्याखाली काय आहे, याची कल्पनाही नाही. ते दिसू नये यासाठी मी इतके कष्ट घेतले आणि त्यात मला काही गैर वाटले नव्हते. काकांना मी तसे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. फक्त होल्स्टर कोणत्या कुशीला लावतोस, ते विचारले आणि मी हात ठेवून दाखवले.