शेल्याची उलटी बाजू : रामकुंड ते येवला

सकाळी साडेसहाला रामकुंडावर पोचलो तेव्हा घाटावर श्राद्धविधी सुरू झाले होते. उपरणं म्हणजे काय ते इथे समजून घ्यायचं असेल, तर कान गुरुजींच्या आवाजाकडे आणि डोळे यजमानाच्या खांद्याकडे ठेवावेत. ‘सव्य’ म्हटलं की उपरणं डाव्या खांद्यावर आणि उजव्या काखेखालून. ‘अपसव्य’ म्हटलं की उजव्या खांद्यावर आणि डाव्या काखेखालून. पहिलं देवकार्याला, दुसरं पितृकार्याला. मधल्या ऋषितर्पणात ते गळ्यात माळेसारखं सोडतात, त्याला निवीत म्हणतात. एकाच दोन मीटर सुती कापडाने तासाभरात देव, ऋषी आणि पितर अशा तिघांशी बोलणं होतं.

जानवं मूळचं आणि उपरणं त्याच्या सोबतीला आलेलं, असं आपल्याला वाटतं. आपस्तंब धर्मसूत्रात क्रम उलटा आहे. नेहमी उत्तरीय धारण करावं, किंवा उपवीतासाठी नुसतं सूत्रही चालेल, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे आधी खांद्यावरचं वस्त्र आणि त्याची जागा घेणारा धागा नंतरचा. जगभरच्या मानाच्या पट्ट्यांकडे पाहताना ही गोष्ट फार उपयोगी पडते. अंगावर पांघरायचं किंवा कंबर बांधायचं साधं कापड अरुंद होत होत खूण बनतं.

घाटावर बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कोरं, खळ न काढलेलं उपरणं खांद्यावरून सारखं घसरतं, म्हणून आदल्या दिवशी धुऊन वाळवून आणावं. आणि अपसव्य करताना आधी उपरणं पूर्ण काढावं, जानवं फिरवावं, मग उपरणं घ्यावं. दोन्ही एकदम फिरवायला गेलं की काखेत पीळ पडतो आणि पुढच्या ‘सव्य’ला दोन्ही एकमेकांत अडकतात.

खांदा बदलला की अर्थ बदलतो, ही समज फक्त गोदाकाठची नाही. इंग्लंडच्या ऑर्डर ऑफ द गार्टर या मानाच्या किताबाचा निळा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे येतो, तर ऑर्डर ऑफ द बाथचा किरमिजी पट्टा उजव्या खांद्यावरून डावीकडे. जाणकाराला दुरूनही चूक होत नाही. भूतानमध्ये पुरुषांचा काबने हा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे जातो आणि दर्जा सांगतो तो रंग : राजा आणि जे खेन्पो (तिथले प्रमुख बौद्ध धर्मगुरू) यांचा केशरी-पिवळा, ‘दाशो’ किताब मिळालेल्यांचा लाल, संसद सदस्यांचा निळा, न्यायाधीशांचा हिरवा, सामान्य नागरिकाचा पांढरा. जोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठ-कचेरीत, काबने घेतल्याशिवाय जात नाहीत.

सर्वांत काटेकोर नियम आम्हाला फ्रान्सचा वाटतो. तिथल्या महापौराचा तिरंगी पट्टा उजव्या खांद्यावरून डावीकडे येतो, किंवा कमरेला बांधता येतो. कमरेला बांधला तर निळा रंग वर हवा, खांद्यावरून घेतला तर निळा गळ्याच्या बाजूला. संसद सदस्यांचा लाल गळ्याकडे असतो. महापौराच्या गोंड्याची झालर सोनेरी, उपमहापौरांची रुपेरी. पट्टा उलटा पडला की माणसाचं पदच बदललेलं दिसतं.

पंचवटीतून गावात येऊन शरणपूर रोडला लागलो. शरणपूर ही १८५४ साली मिशनऱ्यांनी वसवलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे वाढली आणि शिकली. ख्रिस्ती उपासनेतला स्टोल हाही खांद्यावरचाच पट्टा आहे. डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक, तो डाव्या खांद्यावरून तिरका घेतो, धर्मगुरू दोन्ही खांद्यांवरून सरळ खाली सोडतो. रंग वर्षाच्या चक्राप्रमाणे फिरतात : नाताळ आणि ईस्टरला पांढरा, उपवासकाळात जांभळा, पेंटेकॉस्टला लाल, एरवी हिरवा.

मेन रोडवर लग्नाच्या खरेदीची गर्दी. इथे नवरदेवाचा शेला निवडताना बहुतेक जण रंग बघतात, लांबी कुणी मोजत नाही. आधी टेप लावावी. कंबर ९० सेंटिमीटर धरली तर दोन वेढ्यांना १.८ मीटर लागतात, गाठीला २० सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या पदरांना ५०-५० सेंटिमीटर. झाले ३ मीटर. दुकानात मिळणारं तयार उपरणं साधारण २ ते २.५ मीटर भरतं. तेवढ्यात दुसरा वेढा पुरा होत नाही, एकाच वेढ्यावर सगळा ताण येतो आणि सप्तपदीपर्यंत घडी मोकळी होते. उपरणं खांद्यासाठी, कमरेसाठी वेगळा शेला, असंच घ्यावं.

बांधायची रीत अशी. ८० सेंटिमीटर पन्ह्याचा शेला लांबीत चौपदरी दुमडला की २० सेंटिमीटरचा पट्टा होतो. दुमड खाली, मोकळे काठ वर. डाव्या कमरेवर एक पदर ५० सेंटिमीटर सोडून तिथे बोटाने दाबून धरावं, पोटावरून उजवीकडे, पाठीमागून परत डावीकडे असे दोन वेढे घ्यावेत. दुसरा वेढा पहिल्याच्या अर्ध्यावर यावा, त्याने घडी धरून राहते. गाठ डाव्या कमरेवर. रेशमावर रेशीम घसरतं, म्हणून आतून सुती नाडी बांधून तिच्यावर पहिला वेढा घ्यावा. सेफ्टी पिन लावायचीच असेल तर साध्या रेशमाच्या भागात लावावी. जरीत लावली की तार तुटते, आणि तुटलेली जर पुन्हा बसत नाही.

शेल्याची आणि शालूची गाठ मारताना सुपारी, नाणं, हळकुंड आणि अक्षता आत घालतात. ते आधी छोट्या सुती फडक्यात बांधून मग गाठीत ठेवावं. ओली हळद रेशमात शिरली की निघत नाही. या एका डागाने दरवर्षी किती चांगले शेले कायमचे पेटीत जातात, याची हळहळ वाटते.

नाशिक ढोल वाजवणाऱ्यांचं कमरेचं कापड मात्र पूर्ण कामाचं आहे. सुती पंचा किंवा ओढणी कमरेच्या हाडाच्या वर घट्ट गुंडाळतात आणि ढोलाचा दोर त्यावरून घेतात. सिंथेटिक कापड घेतलं की घामाने सरकतं आणि दोर थेट कातडीवर येतो. कंबर कसणे हा शब्दप्रयोग अशाच कापडातून आला आहे.

दुपारी देवळाली कॅम्पला गेलो. पारशी सॅनिटोरियमांच्या या गावात कुस्तीची आठवण होणं साहजिक आहे. ही कुस्ती आखाड्यातली नाही, पारश्यांच्या कमरेची पवित्र दोरी. कोकराच्या लोकरीचे ७२ धागे, त्यांच्या यस्न या धर्मग्रंथाचे ७२ अध्याय म्हणून. सदऱ्यावरून तीन वेढे, पुढे आणि मागे गाठी. ती पोकळ नळीसारखी विणतात आणि विणून झाल्यावर सुईने आतली बाजू बाहेर काढतात. टोकांना तीन-तीन गोंडे, प्रत्येकात २४ धागे. आपल्या मुंजीतली मेखला तिच्या शेजारी ठेवून पाहावी : मुंज गवताची, तीन पेडांची, तीन वेढ्यांची. मनुस्मृतीत क्षत्रियाला मूर्वा या वनस्पतीची, धनुष्याच्या दोरीसारखी आणि वैश्याला तागाची मेखला सांगितली आहे. गवताच्या त्या दोरीवरूनच आपण सगळ्या संस्काराला मुंज म्हणतो. दोन्हीकडे मुलाची कंबर बांधली की तो धर्माच्या कामाला उभा राहिला.

देवळाली लष्कराचीही आहे, म्हणून कमरबंदाबद्दल थोडं. फारसीतला हा शब्द हिंदुस्थानीमार्गे इंग्रजीत गेला आणि साहेबाच्या रात्रीच्या जेवणाच्या पोशाखात ‘कमरबंड’ होऊन बसला. त्याच्या चुण्या वरच्या बाजूला उघडतात, उलटा घातला की लगेच कळतं. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा जुना किरमिजी पट्टा तर जखमीला उचलण्याच्या कामीही यायचा. १७५५ मध्ये अमेरिकेत ब्रिटिश जनरल ब्रॅडॉक जखमी होऊन पडला, तेव्हा त्याला त्याच्याच पट्ट्यात घालून नेलं. पुढे तो पट्टा जॉर्ज वॉशिंग्टनकडे राहिला आणि आज त्याच्या माउंट व्हर्नान या घरी आहे. त्यात १७०९ हे साल विणलेलं आहे. तो आडव्या धाग्याशिवाय, उभे धागे एकमेकांत गुंतवून केलेला. अशी वीण ताणली की जाळीसारखी रुंद होते आणि माणसाचं वजन पेलते. पंजाबकडचे सलवारीचे रेशमी नाडे याच पद्धतीने करत.

दुसऱ्या दिवशी निफाड, विंचूर करत येवल्याला. नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटर, एसटीने दोन तासांच्या आसपास. कांद्याचा हंगाम असेल तर लासलगावकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांमुळे विंचूरच्या पुढे-मागे अर्धा तास जादा धरावा.

येवला पैठणीसाठी सगळ्यांना माहीत आहे. इथले पीतांबर आणि शेलेही तितकेच नावाजलेले होते. मागाजवळ उभं राहिलं की शेला आणि पैठणी एकाच घरात का विणली जाते ते दिसतं. पैठणीच्या पदरात धोटा आरपार जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. मोराच्या मानेचा निळा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. त्यामुळे मागे लोंबणारा धागा राहत नाही आणि नक्षी दोन्ही बाजूंना सारखी उमटते.

साडीचा पदर उलटा दिसला तरी फारसं बिघडत नाही. शेल्याचं तसं नाही. कमरेवरून सुटलेली दोन टोकं चालताना पलटतात, खांद्यावरचा पदर वाऱ्याने उलटतो. उलटी बाजू लपवायला जागाच नसते. मुघल दरबारातले पटके पाहिले की विणकराने किती पुढचा विचार केला होता ते कळतं. तीन मीटरहून लांब पट्टा, मधला भाग साधा किंवा बारीक बुट्टीचा, कारण तो वेढ्यात जाणार. सगळी मेहनत दोन टोकांवर, शहाजहानच्या काळात तर ओळीने उभी फुलझाडं. मराठी सरदारांच्या चित्रांतले कमरेचे शेलेही याच घडणीचे, कट्यार खोचलेले. दरबारातून मिळणाऱ्या खिलतीत डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख असे, त्यात कमरेचा पटकाही. त्या ‘सर-ओ-पा’चाच आपला शिरपाव.

पट्ट्याची हीच कल्पना इराणमधून पश्चिमेला पोलंडपर्यंत गेली. तिथल्या सरदारांचा कोंतुश पट्टा सुमारे ४० सेंटिमीटर रुंद, ३ ते ४.५ मीटर लांब. आज बेलारूसमध्ये असलेल्या स्लुत्स्कच्या कारखान्यात इस्तंबूलहून आलेल्या यान माजार्स्की या आर्मेनियन कारागिराने ही कला नावारूपाला आणली. त्यांचे उत्तम पट्टे चार तोंडांचे असत : लांबीत मधोमध विभागून एका बाजूला दोन रंग आणि उलट बाजूला आणखी दोन. लांबीत दुमडून उजळ रंग वर ठेवला की लग्नाला, काळपट वर ठेवला की शोकाला. एका पट्ट्यात चार पट्टे! दोन्ही बाजू पक्क्या विणल्याशिवाय हे शक्यच नाही. जपानी ओबीत, म्हणजे किमोनोवरच्या कमरपट्ट्यात, उलट हिशेब आहे. क्योतोच्या निशिजिनमधल्या ‘रोकुत्सू’ प्रकारात साठ टक्के भागावरच नक्षी असते, अंगावर पहिल्या वेढ्यात दबणारा भाग कोरा सोडतात. रेशीमही वाचतं, वजनही.

येवल्यात शेला घेताना म्हणूनच आधी उलटा करून पाहावा. मागे मोकळे तरंगणारे किंवा कात्रीने कापलेले धागे दिसले, तर ती नक्षी कांडीने भरलेली नाही. मग तो पैठणी विणीचा म्हणून घेऊ नये. सिल्क मार्क फक्त रेशीम खरं असल्याचं सांगतो, हाताने विणल्याचं नाही. त्यासाठी हँडलूम मार्क पाहावा. पैठणीला भौगोलिक मानांकन २०१० पासून आहे, तरी दुकानावरची पाटी पुरेशी मानू नये. टोकाचा सुटा धागा मागून घेऊन जाळून पाहता येतो. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, प्लॅस्टिकच्या जरीचा कडक मणी होतो. आज बरीचशी जर तांब्यावर चांदीचा मुलामा देऊन केलेली असते. तिच्यावर अत्तर किंवा स्प्रे पडला की ती काळवंडते, म्हणून अत्तर आधी, शेला नंतर.

घरी आणल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळावा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. दर तीन-चार महिन्यांनी उघडून सावलीत तासभर पसरावा आणि घडी जुन्या रेघेवर न घालता चार बोटं सरकवून घालावी. शेला फाटतो तो बहुधा वापरून नव्हे, एकाच घडीवर वर्षानुवर्षं पडून राहिल्याने.