मिक्सरचे सातशे वीस रुपये

पतसंस्थेच्या हिशेब खात्यात मी एकतीस वर्षं काढली. रोजकीर्द जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. घरचा जमाखर्च मी अजून रोज रात्री वहीत उतरवते. मिक्सरचं प्रकरण त्या वहीमुळेच माझ्या लक्षात आलं.

यंदा फेब्रुवारीत सांगलीतल्या एका मोठ्या दुकानातून मिक्सर घेतला. किंमत ४,७२० रुपये, पैसे यूपीआयनं दिले. आठवड्याभरात मोठ्या भांड्याच्या तळातून पाणी झिरपायला लागलं. इडलीचं पीठ वाटायला घेतलं की ओघळ थेट मोटरवर. सर्व्हिसचा माणूस दोनदा आला, त्यानं भांडंही बदलून दिलं, तरी गळती तशीच. दुसऱ्या खेपेला मी त्याच्याकडून जॉबशीटवर ‘दोष दुरुस्त होत नाही’ असं लिहून घेतलं. तो कागद दाखवल्यावर दुकानानं काही खळखळ न करता मिक्सर परत घेतला आणि दोन दिवसांत पैसे जमा होतील असं सांगितलं.

पैसे दोन दिवसांत आलेही. रात्री वही उघडली तेव्हा खर्चाच्या बाजूला ४,७२० होते आणि जमेला ४,०००.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. काउंटरवर विशी-बाविशीचा मुलगा होता. त्यानं स्क्रीन बघून सांगितलं, “काकू, मशीनचे चार हजार. वरचा जीएसटी सरकारला गेला, तो परत मिळत नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच शिकवलेलं होतं, आणि त्याची स्वतःची तशी खात्रीही होती. माझ्या आधी किती जण हे ऐकून मान डोलावून गेले असतील, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. सरकारचं नाव घेतलं की आपण पुढे विचारत नाही.

मी त्याला म्हटलं, “बाळा, मिक्सर परत घेतल्याची क्रेडिट नोट काढलीस ना? त्याची एक प्रत दे.” क्रेडिट नोट म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम आधीच्या बिलातून वजा केल्याचा दुकानाचा कागद. अर्धा तास गेला, दोन माणसांना विचारून झालं, आणि शेवटी कागद हातात आला. करपात्र रक्कम ४,०००. सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा वाटा, ३६०. एसजीएसटी, म्हणजे राज्याचा, ३६०. एकूण ४,७२०. खाली दुकानाचा शिक्का.

माझी बाजू दुकानाच्याच कागदावर छापलेली होती. माल परत आला की विक्रेता अशी क्रेडिट नोट काढू शकतो, ही सोय केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ३४ मध्ये आहे. ती नोट विवरणपत्रात दाखवली की दुकानानं भरायच्या करातून तेवढी रक्कम कमी होते. म्हणजे माझ्या मिक्सरवरचे ७२० रुपये सरकारकडे राहतच नाहीत, ते दुकानाला वळते होतात. त्याच कलमात पुढे अट आहे: कराचा बोजा दुसऱ्या कुणावर टाकलेला असेल तर विक्रेत्याला ही वजावट घेता येत नाही. इथे तो बोजा माझ्यावर होता. वजावट घ्यायची असेल तर ७२० रुपये मला परत द्यायला हवेत. ते मला द्यायचे नसतील तर वजावट घ्यायला नको. एका बाजूला नोट काढायची आणि दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाला ‘सरकारला गेले’ म्हणायचं, हे कोणत्याच खतावणीत बसत नाही.

मॅनेजर साहेबांना हे सगळं मांडून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, सिस्टीम हेड ऑफिसची आहे, आमच्या हातात काही नाही. मग ७२० रुपयांचं व्हाउचर देऊ केलं, पुढच्या खरेदीत वापरा म्हणाले. मी नको म्हटलं. मी पैसे दिले होते, मला पैसेच हवे होते. व्हाउचर घेतलं असतं तर माझे पैसे मिळवण्यासाठी मला त्यांच्याकडूनच आणखी काहीतरी विकत घ्यावं लागलं असतं.

त्या रात्री हेड ऑफिसला मेल लिहिली. सोबत बिल, जॉबशीट, क्रेडिट नोट आणि बँकेच्या नोंदीचा फोटो जोडला. त्या नोंदीतला बारा आकडी आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, मेलमध्ये मुद्दाम लिहिला. रिफंड नक्की कोणता, किती आणि कधी आला, याबद्दल मग वाद राहत नाही. पंधरा दिवस उत्तर आलं नाही, तेव्हा १९१५ ला फोन लावला.

हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. मराठीत बोलता येतं. आधीच सांगते, हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही. ती निकाल देत नाही, दंडही करत नाही. तक्रार नोंदवून घेते, क्रमांक देते आणि कंपनीकडे पाठवून उत्तर मागते. तरी कंपनीतल्या ज्या टेबलावर आपली मेल पडून असते, त्याच्या वरच्या टेबलावर ही तक्रार जाते. तेवढ्यानं पुष्कळदा काम होतं.

झालं नसतं तर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकानाचं मुख्य ऑफिस कुठेही असो. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मी अर्जाचा कच्चा मसुदा लिहून ठेवला होता.

नवव्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला. ४,७२० रुपये जमा.

मला ७२० यायचे होते. कुणीतरी घाईत संपूर्ण बिलाचा रिफंड पुन्हा टाकला होता. आता दुकानाचे ४,००० रुपये माझ्याकडे जास्त झाले.

माझा भाचा तेव्हा घरी आलेला होता. म्हणाला, “मावशी, अजिबात बोलू नकोस. महिनाभर पळवलं त्यांनी तुला. हा मनस्ताप भत्ता समज.” त्याचा राग खरा होता आणि माझ्यासाठीच होता. पण भारतीय करार कायद्याचं, १८७२ चं, ७२ वं कलम मला नोकरीत पाठ झालेलं आहे. ज्याला चुकून पैसे दिले गेले, त्यानं ते परत केलेच पाहिजेत. चूक दुकानाची होती म्हणून पैसे माझे होत नाहीत. मनस्तापाची भरपाई मागायची तर आयोगासमोर उघड मागावी, दुसऱ्याच्या चुकीत गुपचूप वसूल करू नये.

आणखी एक कारण होतं. आमच्या पतसंस्थेत एकदा एका रोखपालाकडून दोन हजार जास्त दिले गेले. घेणारा माणूस परत आलाच नाही. ती तूट त्या पोरानं पगारातून भरली, आणि त्या दिवाळीला त्याच्या घरी काय झालं ते मला माहीत आहे. हे ४,००० रुपये उद्या त्या काउंटरवरच्या मुलाच्या नावावर निघाले असते तर?

परत देणंही सोपं नव्हतं. मॅनेजर साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, माझ्या नंबरवर जीपे करा, मी भरतो. त्यांच्या मनात काही वावगं असेल असं मी म्हणत नाही, पण मी नकार दिला. दुकानाचे पैसे दुकानाच्या खात्यातच जायला हवेत, नाहीतर उद्या मी परत केले याला पुरावा काय? कंपनीच्या अधिकृत मेलवरून खात्याचा तपशील मागवला, तो बिलावरच्या नावाशी ताडून पाहिला, मग एनईएफटी केलं. शेऱ्यात बिल क्रमांक लिहिला आणि पोच मागितली. पोच यायला अकरा दिवस लागले. तोवर ती रक्कम माझ्या वहीत उचंत खात्याला, म्हणजे निकाल लागेपर्यंत बाजूला, ठेवलेली होती.

इथे थोडं सावध करते. ‘तुम्हाला चुकून जास्त रिफंड आला आहे, या लिंकवरून परत करा’ असे फोन करून फसवणारे पुष्कळ आहेत. असा फोन आला तर आधी ठेवून द्या आणि स्वतः बँकेची नोंद उघडून बघा. पैसे खरोखर जमा झाले आहेत का? मेसेज नव्हे, खात्यातली नोंद. ती नसेल तर विषय संपला. असेल तर बिलावरच्या नंबरवर आपण फोन करायचा. कुणाच्या सांगण्यावरून मोबाइलची स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायचं नाही. आणि पैसे आपल्याकडे यायचे असतील तर यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पोचेच्या मेलमध्ये त्यांनी आभार मानले आणि झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मी उत्तरात एकच प्रश्न विचारला होता: याच काउंटरवर ज्यांना ज्यांना जीएसटी कापून रिफंड दिला, त्या बाकीच्या गिऱ्हाइकांचं काय? त्याला अजून उत्तर नाही. परवा त्याच हेल्पलाइनवर त्याबद्दल वेगळी तक्रार नोंदवली आहे.

तुम्ही गेल्या दोन वर्षांत कुठे सदोष वस्तू परत केली असेल तर ते बिल आज काढा. त्यावर कराचा टक्का छापलेला असतो. अठरा टक्के असेल तर खात्यात आलेल्या रकमेला १.१८ नं गुणा. उत्तर बिलाच्या रकमेइतकं आलं, तर तुमचाही कर दुकानातच राहिला आहे. दुकानात जाऊन आधी क्रेडिट नोटची प्रत मागा, बाकीचं बोलणं त्यानंतर.