जोडीदार, दुहेरीतला

रविवार, रात्री सव्वाअकरा

उजवा खांदा भरून आलाय. टेनिस रॅकेटची ग्रिप बदलायची, बदलायची म्हणत तीन आठवडे काढले, त्याची शिक्षा म्हणून अंगठ्याच्या बुडाशी टपोरा फोड. शेवटचा, सेटची कोंडी फोडणारा टायब्रेक ५-७ असा हरलो आणि माझ्यामुळेच हरलो, पण ते पुढे. आधी बाकावरचं लिहून ठेवतो, नाहीतर सकाळपर्यंत विसरेन.

सामना आटोपून बुटांच्या नाड्या सोडत बसलो होतो. आमची रविवारची टोळी दहा-बारा जणांची. बहुतेक गे मुलगे (मुलगे म्हणायचं आपलं, वयं तिशी ते साठी) आणि आम्हा सगळ्यांना एकेरीत धुऊन काढणाऱ्या दोन मैत्रिणी. नुकत्याच यायला लागलेल्या एका पोरानं विचारलं, "तुम्ही सगळे बायकांचंच टेनिस का बघता? उलटं नको का?"

हशा पिकला. कुणी म्हणालं एका हाताचा बॅकहँड, कुणी म्हणालं सेरेनाचा संताप. मैत्रिणींपैकी एक म्हणाली, "आम्हाला विचारू नकोस, आमचं उत्तर सरळ आहे." मी गप्प राहिलो. माझं उत्तर नाड्या सोडेपर्यंत संपणारं नव्हतं.

मी चौदाचा होतो. १९९९ ची ऑस्ट्रेलियन ओपन. टीव्हीसमोर मांडी ठोकून बायकांचे सामने बघायचो आणि घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की पोरगं वयात आलं. मामा येता-जाता डोळा मारायचा. मीही कसनुसा हसायचो. आयतं पांघरूण मिळालं होतं, कशाला काढा? खरं म्हणजे मी बघत होतो ते आमेली मोरेस्मोचे खांदे. एकोणीस वर्षांची, बिगरमानांकित, उपांत्य फेरीत अग्रमानांकित लिंडसे डेव्हनपोर्टला हरवून अंतिम सामन्यात आलेली. त्याच दिवसांत तिनं आपली मैत्रीण आहे हे सरळ सांगून टाकलं. मग तिच्या खेळाइतकीच तिच्या अंगकाठीची चर्चा झाली, आणि ती करणाऱ्यांत सोबतच्या खेळाडूही होत्या. अंतिम सामन्यात मार्टिना हिंगिसनं तिला ६-२, ६-३ असं हरवलं. मामा म्हणाला, "ही काय बाई आहे?" मी तेव्हाही तसाच हसलो. ते हसणं अजून टोचतं.

सात वर्षांनी ती जिंकली. २००६ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात जस्टिन एनानं पोटदुखीमुळे माघार घेतली, म्हणून लोक म्हणाले अर्धंच जिंकली. त्याच वर्षी विम्बल्डनला त्याच एनाविरुद्ध पहिला सेट २-६ गमावून पुढचे दोन ६-३, ६-४ घेतले. दोघींचा बॅकहँड एका हाताचा. हात मागे जातो, खांदा वळतो, चेंडू सुटल्यावर दुसरा हात पंखासारखा मागे उघडतो. त्या वेळी मी एकटा राहत होतो. खोलीत कुणी डोळा मारणारं नव्हतं, म्हणून मनसोक्त रडलो.

आमच्यातल्या ज्येष्ठांना सगळे दादा म्हणतात. त्यांची नायिका त्याआधीची, मार्टिना नवरातिलोव्हा. १९७५ ला अमेरिकन ओपनच्या वेळी मायदेश सोडून आश्रय मागितलेली, १९८१ ला अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर आपल्या समलिंगी नात्याबद्दल जाहीर झालेलं नाकारत न बसलेली. त्याच वर्षी टेनिसपटू बिली जीन किंगचं खासगी आयुष्य एका खटल्यामुळे चव्हाट्यावर आलं आणि तिचे जाहिरातींचे करार भराभर गेले. दादा सांगतात, मार्टिना कितीही जिंको, टाळ्या ख्रिस एव्हर्टला. दोघी ८० वेळा भिडल्या, त्यातल्या ४३ मार्टिनानं जिंकल्या. हा आकडा दादा कुठल्याही गप्पांत घुसडू शकतात. दादा मूळचे डावरे. लहानपणी घरच्यांनी मारून-मुटकून उजव्या हाताला लावलं. सही आजही उजव्यानं करतात, पण रॅकेट डाव्या हातात धरतात, आणि सर्व्हिस केली की दुखऱ्या गुडघ्यांनिशी नेटकडे धावतात. नवरातिलोव्हासारखं. पोचेपर्यंत चेंडू बाजूनं निघून गेलेला असतो, ते सोडा.

नवीन पोराचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता. पुरुषांत कोण?

त्यावर लगेच पैजा सुरू झाल्या. अमका असेल, तमका तर नक्कीच. मला हा खेळ आवडत नाही. दुसऱ्याच्या आयुष्याकडे बघून डोळा मारायचाच तो प्रकार, फक्त या वेळी डोळा आपला. ज्यांनी स्वतः सांगितलं त्यांच्याबद्दल बोलू की. अमेरिकेचा ब्रायन वाहाली निवृत्तीनंतर बोलला. ब्राझीलच्या जोआओ लुकास रेइस दा सिल्वानं डिसेंबर २०२४ मध्ये प्रियकराच्या वाढदिवसाला दोघांचा फोटो टाकला, आणि बातमी झाली की कारकीर्द चालू असताना उघडपणे गे असलेला हा पहिला व्यावसायिक पुरुष टेनिसपटू. मला त्यातलं आवडलं ते एवढंच, की त्यानं घोषणा केलीच नव्हती. वाढदिवस होता, फोटो टाकला.

'जोडीदार' या शब्दावर मात्र मी बाकावर बोललो. लहानपणी क्रीडापानावर वुडीज या दुहेरीतल्या जोडीच्या बातम्या यायच्या, 'टॉड वुडब्रिज आणि त्याचा जोडीदार मार्क वुडफर्ड'. अख्ख्या वर्तमानपत्रात ही एकच जागा होती जिथे एका पुरुषाला दुसरा पुरुष जोडीदार असायचा आणि कुणाच्या भुवया उंचावत नव्हत्या. त्या दोघांचा तसा काही संबंध नव्हता हे मला ठाऊक होतं. तरी ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचायचो. पुढे २०१९ ला विम्बल्डनमध्ये अ‍ॅलिसन व्हॅन उटव्हांक आणि ग्रीट मिनेन दुहेरी खेळल्या, तेव्हा त्या एकमेकींच्या खऱ्याही जोडीदार होत्या. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच कोर्टावर.

माझा कोर्टावरचा जोडीदार वेगळा आणि घरचा वेगळा. घरचा आत्ता घोरतोय. त्याला टेनिसमध्ये पंधरानंतर तीस आणि तीसनंतर एकदम चाळीस का, हे आठ वर्षांत पटलेलं नाही. कोर्टावरच्याची आणि माझी भांडणं फक्त मधल्या चेंडूवरून होतात. लॉब, म्हणजे उंच उडवलेला चेंडू, वर गेला की दोघांपैकी एकानं ओरडायलाच हवं. "माझा!" किंवा "तुझा, तुझा!" सुरुवातीला माझ्या घशातून आवाजच फुटत नव्हता. दोघं जण पुतळ्यासारखे उभे आणि चेंडू मधोमध पडून टप्पा घेतोय, असं कितीदा झालं. आवाज बारीक येईल, बायकी वाटेल, ही धास्ती. शाळेत त्यापायीच मी संघाच्या कुठल्याही खेळात गेलो नाही. इथे काही महिन्यांनी एकदा उन्हात डोळे किलकिले करत मी किंचाळलो, "माझाऽऽ!" आवाज बारीकच आला. पलीकडचे दोघं इतके हसले की माझा मिळमिळीत स्मॅशसुद्धा त्यांना परतवता आला नाही. आता मी प्रत्येक चेंडूवर ओरडतो, त्याच्या वाट्याच्या चेंडूवरसुद्धा, असा जोडीदाराचा आरोप आहे.

आता टायब्रेक. आम्ही ५-६ ने मागे. समोरून जोरदार फोरहँड मधोमध आला, मी टप्पा पडण्याआधीच व्हॉलीला हात घातला, चुकलो, मागून जोडीदारानं तो कोपऱ्यात ठेवून दिला. ६-६! तो मुठी आवळून नाचतोय, आणि मला माहीत की चेंडू माझ्या रॅकेटच्या कडेला पुसटसा लागून गेलाय. तारांना नाही, कडेला. आवाजही झाला नाही, फक्त बोटांना कळलं. चेंडू दोघांच्याही रॅकेटला लागला की गुण समोरच्यांचा. हात वर केला आणि सांगितलं. ५-७.

जोडीदारानं रॅकेट खाली ठेवली, दोन्ही हात कमरेवर. "फॉन क्राम!" म्हणाला.

नवीन पोराला हे नाव ठाऊक नव्हतं, म्हणून दादांनी सांगितलं. गॉटफ्रीड फॉन क्राम, जर्मन, १९३४ आणि १९३६ चा फ्रेंच विजेता. १९३५ च्या डेव्हिस चषकात अमेरिकेविरुद्ध दुहेरीचा सामना, जिंकायला एकच गुण हवा होता, तो मिळालाही, आणि यानं पंचांना सांगितलं की चेंडू आधी माझ्या रॅकेटला लागला होता. सामना गेला. १९३८ ला नाझी राजवटीनं त्याला कलम १७५ खाली पुरुषाशी संबंध ठेवल्याबद्दल पकडलं आणि तुरुंगात टाकलं.

पोरगं थोडा वेळ बुटांकडे बघत बसलं. मग म्हणालं, "पण त्याच्या जोडीदाराला किती राग आला असेल!"

"मला विचार," माझा जोडीदार म्हणाला, आणि माझ्या पिशवीतला कोरडा टॉवेल उचलून तोंड पुसायला लागला.

पुढच्या रविवारआधी ग्रिप. नक्की.