खणाच्या नक्षीचं कानातलं, पॉलिमर क्लेमधून

खणाची चोळी घातली की तिच्यावर कानात काय घालायचं, हा माझा जुना प्रश्न. सोन्याचं रोज निघत नाही आणि बाजारातलं कापड चिकटवलेलं कानातलं घामाने कडेला सुटतं. म्हणून खणाची बुट्टीच पॉलिमर क्लेमध्ये उतरवायची ठरवलं.

नाव क्ले असलं तरी यात माती नाही. हे पीव्हीसीचे बारीक कण आणि त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य. हवेवर वाळत नाही, भाजल्यावरच पक्कं होतं. दुकानात एअर ड्राय क्ले शेजारीच ठेवलेली असते, त्यामुळे पाकीट नीट वाचून घ्यावं. साधारण 57 ग्रॅमची वडी येते, बरीचशी परदेशी, आणि किंमत ऐकून हात आपोआप काटकसरीने चालतो.

नक्षी रंगवायची नसते, ती क्लेच्या आतच रचायची असते. सोनेरी क्लेची काडी वळली, तिच्याभोवती लाल पातळ पट्टी गुंडाळली आणि चार बाजूंना मोरपंखी रंगाचे त्रिकोणी तुकडे बसवून चौकोनी ठोकळा केला. याला केन म्हणतात. टोकाकडून पाहिलं की एक बुट्टी दिसते. आता हा ठोकळा चहूबाजूंनी दाबत लांबवायचा. लांबी चौपट झाली की जाडी निम्मी होते. मग चार सारखे तुकडे कापून दोनावर दोन रचले की आकार पहिल्याइतकाच, पण बुट्ट्या चार. पुन्हा तेच केलं की 16, आणखी एकदा केलं की 64. शेवटी बुट्टी मोहरीएवढी होते तरी तिची लाल कड शाबूत असते. हे पहिल्यांदा बघताना मी नुसती हसत सुटले.

पण हे जमायला सगळे रंग सारखेच मऊ लागतात. एक कडक आणि एक मऊ असला की मऊ रंग कडेने बाहेर पळतो आणि कडक मध्येच बसून राहतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तर सगळेच मऊ! तेव्हा क्लेची पोळी दोन कोऱ्या कागदांत रात्रभर दाबून ठेवायची. कागदावर तेलाचे डाग पडतात आणि क्ले ताळ्यावर येते. कापण्याआधी केन पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये. मग पातळ पात्याने, अळूवडीचा उंडा कापतो तशा चकत्या पाडायच्या. फरक इतकाच की प्रत्येक चकतीनंतर केन पाव वळसा फिरवायची, नाहीतर खालची बाजू चेपते.

चकत्या पातळ पोळीवर शेजारीशेजारी लावून वरून हलकं लाटणं फिरवलं, कटरने थेंबाचा आकार काढला आणि भोक पाडलं. लाटणं, पाटा, कटर एकदा यासाठी वापरलं की परत स्वयंपाकात नाही.

भाजणं हा सगळ्यात नाजूक भाग. पाकिटावर कंपनीप्रमाणे 110 किंवा 130 अंश आणि साधारण अर्धा तास लिहिलेलं असतं. आमच्या ओटीजीचा, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनचा, काटा एक सांगतो आणि आत भलतंच असतं, हे आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर आणल्यावर कळलं. या खरेदीत कंजुषी करू नये. कमी भाजलं तर दागिना वाकवताच तडकतो. फारच जास्त तापलं तर क्ले काळी पडते आणि पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो. त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवते. टाइलवर कागद, त्यावर कानातलं, वरून फॉइलचा सैल तंबू, म्हणजे कॉइलची थेट धग लागत नाही.

गार झाल्यावर पाण्याखाली पॉलिश पेपर: आधी 400 नंबरचा, मग 600, मग 1000, म्हणजे खरखरीतकडून बारीककडे. पाण्यामुळे धूळ उडत नाही. नंतर जुन्या जीन्सच्या तुकड्यावर घासलं की मंद चमक येते. झटपट चकाकीसाठी नेलपॉलिश लावावंसं वाटेल, पण लावू नका. त्याने पृष्ठभाग पुढे चिकट होतो.

सासूबाईंनी पहिली जोडी हातावर तोलून पाहिली. "अगं, वजनच नाही याला!" त्यांच्या कानाची भोकं ओघळलेली, त्यामुळे जड काही चालत नाही. पुढची केन त्यांच्या डाळिंबी खणाच्या रंगात करायची आहे, फक्त तो डाळिंबी लाल आणि जांभळा मिसळून नेमका जुळायला हवा.