आठ ओहमच्या स्पीकरवर मीटर सहा का दाखवतो?

अर्धा तास गाणी नीट वाजायची. मग अँपमधून (अँप्लिफायरमधून) ‘टक्’ असा आवाज यायचा आणि सगळं शांत. थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावला की सुरळीत, पण वीस मिनिटांत परत टक्. वरच्या जाळीवर हात ठेववत नव्हता, इतका तो तापलेला असायचा. असं तीन दिवस चाललं.

त्याआधी मी एकच बदल केला होता. ८ ओहमचे (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दोन स्पीकर आधीपासून होते. दुसऱ्या खोलीसाठी ६ ओहमचे दोन आणले आणि अँपच्या मागे ‘बी’ लिहिलेल्या टर्मिनलना जोडले. समोर ए, बी आणि ए+बी अशी बटणं आहेतच, तेव्हा दोन्ही जोड्या एकदम वाजवायला हरकत नसणार, असं मी धरून चालले.

अँप दुरुस्तीला नेला. तिथल्या काकांनी त्याला एकेकच स्पीकर लावून तासभर वाजवला. काही झालं नाही. “ताई, हा ठणठणीत आहे. तुमचे स्पीकर याच्याकडून जास्त करंट ओढताहेत. मागची पट्टी वाचलीत का?” पट्टीवर बारीक अक्षरात होतं: ए किंवा बी, ४ ते १६ ओहम, ए+बी, ८ ते १६ ओहम. दोन्ही जोड्या चालू केल्या की त्या आतून पॅरलल होतात. दोन्हीकडे ८ असतील तर मिळून ४ होतात आणि अँपला तेवढं झेपतं. माझं गणित आठ गुणिले सहा भागिले चौदा, म्हणजे ३.४.

४ आणि ३.४ मध्ये असा कितीसा फरक? हे मनातून जाईना, म्हणून घरी मल्टिमीटर लावला. ८ च्या स्पीकरवर ६.२ आले, ६ च्या स्पीकरवर ४.६. आधी वाटलं स्पीकरच गेले. तसं नव्हतं. मीटर मोजतो तो व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे स्पीकरच्या आतल्या गुंडाळीच्या, तारेचा डीसी रेझिस्टन्स, आणि तो छापील आकड्याच्या पाऊणपट किंवा थोडा जास्त असणं अगदी नेहमीचं आहे. स्पीकरवर छापतात तो इम्पीडन्स, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या करंटला होणारा अडथळा, ही एसीची गोष्ट. ती दर फ्रिक्वेन्सीला बदलते, आणि मागे छापलेला आकडा म्हणजे त्या सगळ्या चढउताराला दिलेलं एक ढोबळ नाव.

मग चढउतारच मोजायचं ठरवलं. यात सगळ्यात मजा आली, म्हणून नीट सांगते. अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये १००० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घातला. आधी स्पीकरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावून, फोनवरून एक सूर सोडून, त्यावर बरोबर १० मिलिव्होल्ट येतील इतका आवाज ठेवला. आता रेझिस्टर काढून स्पीकर लावला की मीटरवर जितके मिलिव्होल्ट, जवळपास तितके ओहम. ३० हर्ट्झपासून ४०० हर्ट्झपर्यंत एकेक सूर लावत वहीत लिहीत गेले. (त्याच्या वर साधा मीटर भरवशाचा राहत नाही.) ८ चा स्पीकर ६० हर्ट्झला ४० ओहमवर चढला आणि २०० च्या आसपास ६.६ वर उतरला. ६ चा तिथेच ४.८ वर आला. दोन्ही पॅरलल धरले तर २.८!

आता अँप का तापत होता ते कळलं. ट्रान्झिस्टरचा अँप स्पीकरला व्होल्टेज देतो. करंट किती जाणार ते स्पीकर ठरवतो. २० व्होल्टला ८ ओहममधून २.५ अँपिअर जातात, २.८ मधून ७ च्या वर. शिवाय सप्लायचं जे व्होल्टेज स्पीकरपर्यंत पोचत नाही ते ट्रान्झिस्टरवर पडतं, आणि तेवढ्या करंटने त्याची उष्णता होते. म्हणून आवाज मध्यम ठेवला तरी माझी सुटका होत नव्हती.

दोन्ही स्पीकर सिरीजमध्ये जोडूनही पाहिले. १४ ओहम झाले, अँप गार राहिला, पण बाहेरच्या खोलीतला बेस फुगल्यासारखा यायला लागला. वहीत कारण होतंच: ६० हर्ट्झला ८ चा स्पीकर ४० वर, तर ६ चा तिथे जेमतेम ९ वर. पाचात चार भाग व्होल्टेज एकटा पहिलाच घेत होता. एकसारखे स्पीकर असते तर सिरीज चालली असती. वेगवेगळ्यांची मी पुन्हा करणार नाही.

“ओहम जुळलेच पाहिजेत” हे मीही ऐकत आले होते. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या) अँपला ते खरंच लागू आहे. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला ४, ८, १६ अशी वेगळी टोकं असतात आणि स्पीकर आपापल्या टोकालाच लावायचा असतो. ट्रान्झिस्टरच्या अँपवर लिहिलेला आकडा मात्र किमान मर्यादा आहे. ४ च्या अँपला ८ किंवा १६ चा स्पीकर लावला तर फक्त वॉट कमी मिळतात, इजा काही होत नाही.

शेवटी ६ च्या जोडीला वेगळा छोटा अँप घेतला, किमान ४ ओहमचा. मोठ्या अँपच्या प्री-आउटमधून, म्हणजे दुसऱ्या अँपला सिग्नल देण्यासाठी असलेल्या जागेतून, त्याला सिग्नल दिला. दोन्ही खोल्या तीन तास वाजवल्या आणि मध्येमध्ये जाळीवर हात ठेवून पाहत राहिले. नुसती कोमट होती. मग चारही स्पीकर फिरवून छापील आकड्याशेजारी पेन्सिलीने खरे किमान ओहम लिहिले: दोघांवर ६.६, दोघांवर ४.८.