तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधली पुराणं कितपत खरी?

‘गॉड ऑफ वॉर’, ‘हेडीज’ असले गेम खेळणारी मुलं विचारतात, आणि त्यांच्या मागे उभे राहून स्क्रीनकडे बघणारे आईवडीलही विचारतात: हे जे ग्रीक आणि नॉर्स (म्हणजे जुन्या उत्तर युरोपातले) देव दाखवलेत ते त्यांच्या पुराणात खरंच असे आहेत का? खेळता खेळता पुराण कळतं का?

नावं कळतात. नातीगोती बहुतेक वेळा चुकीची कळतात. पण नियम, म्हणजे कुठलं बटण दाबल्यावर काय होतं आणि कुठल्या गोष्टीची काय किंमत मोजावी लागते, तिथे जुना ग्रंथ कधीकधी फार नेमका उतरलेला असतो. म्हणून माझं म्हणणं असं, की चेहरे बघू नका, नियम बघा.

2018 च्या ‘गॉड ऑफ वॉर’चा नायक क्रेटॉस, त्याची कुऱ्हाड घ्या. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर L2 धरून नेम धरायचा, R2 ने फेकायची, त्रिकोणाचं बटण दाबलं की ती सपकन हातात परत येते. येताना वाटेत शत्रू आला तर त्यालाही लागते. कुऱ्हाड हातात नसेल तोवर नुसत्या मुठींनी लढायचं. या कुऱ्हाडीचं नाव ‘लेव्हायथन’, आणि ते नॉर्स नाहीच; हिब्रू बायबलमधल्या समुद्री राक्षसाचं आहे. पण फेकलेलं शस्त्र हाताशी परत येणं हा गुण अस्सल नॉर्स आहे. तो गडगडाटाचा देव थॉर याच्या हातोड्याचा, म्योल्नीरचा. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने 1220 च्या सुमारास लिहिलेल्या ‘एडा’ या नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथामध्ये स्पष्ट म्हटलंय की हा हातोडा कधी चुकत नाही आणि कितीही लांब गेला तरी हातात परत येतो.

तो घडला कसा, हेही त्याच ग्रंथात आहे. लोकी हा कपटी देव आपलं डोकं पैजेवर लावून बसलेला. एक बुटका कारागीर भट्टीत लोखंड घालतो आणि आपल्या भावाला, ब्रोकला, बजावतो, मी येईपर्यंत भाता थांबवू नकोस. लोकी माशी होऊन आधी हाताला चावतो, मग मानेला, शेवटी पापणीला. रक्त डोळ्यात उतरतं, ब्रोक क्षणभर हात काढून माशी हाकलतो, भाता तेवढाच थांबतो. म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहिला. गेममध्ये ब्रोक आणि सिंद्री ही भावांची जोडी तुमची कुऱ्हाड सुधारून देणारे लोहार म्हणून भेटते. म्हणजे कारागीर तेच, गुण तोच, फक्त हत्यार बदललं.

याच गेमच्या 2022 च्या पुढच्या भागात, ‘रॅग्नारॉक’मध्ये, याहून सुरेख काम झालंय. त्याच भट्टीतून देवांचा राजा ओडिन याच्यासाठी ड्रॉपनीर नावाची सोन्याची अंगठी निघाली होती. दर नवव्या रात्री तिच्यातून तेवढ्याच वजनाच्या आठ अंगठ्या ठिबकतात. आता ठिबकणारी अंगठी खेळाडूने वापरायची कशी? गेमवाल्यांनी तिचा भाला केला. एक फेकला की दुसरा लगेच हातात तयार, फेका तेवढे आहेतच. अंगठीचं नाव ठेवून नुसता चमकणारा भाला दिला असता तरी कोणी तक्रार केली नसती. इथे मात्र ‘आपल्यातून आपल्यासारखे आणखी निघणं’ हा मूळ गुण जपलाय.

ओडिनचा मुलगा बाल्डर, त्याच्या बाबतीत घोळ झालाय, पण समजून उमजून केलेला. मूळ कथेत त्याची आई फ्रिग आग, पाणी, लोखंड, दगड, झाडं, रोग, प्राणी, सगळ्यांकडून शपथ घेते की याला इजा करणार नाही. फक्त मिसलटो राहतं, म्हणजे झाडावर वाढणारं बांडगूळ. ते फारच कोवळं वाटलं म्हणून तिने सोडलं. लोकी तेच आंधळ्या होडच्या हातात देतो आणि बाल्डर मरतो. गेममध्ये फ्रिग आणि फ्रेया या दोन वेगळ्या देवींची एकच बाई केलीय, आणि शाप असा की बाल्डरला इजा तर होत नाहीच, पण वेदना, चव, ऊबही कळत नाही. ही भर गेमची. बांडगूळ मात्र राहिलंय: आपल्या मुलाच्या, बाण ठेवायच्या भात्याचा तुटलेला पट्टा क्रेटॉस मिसलटोच्या बाणाने अडकवतो, आणि पुढे बाल्डरची मूठ मुलाच्या छातीवर नेमकी त्याच टोकावर बसते.

असा मोकळा हात नॉर्स पुराणात चालतो, कारण मुळात साधनंच थोडी. आइसलँडने 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म घेतला, स्नोरीने लिहिलं त्यानंतर दोन शतकांनी. मधल्या फटी कोणीतरी भरायच्याच. ग्रीकांचं उलटं: एकाच गोष्टीची चार रूपं, आणि गेम त्यातलं सोयीचं उचलतात. मेडुसा ही प्राचीन ग्रीक कवी हेसिअडकडे जन्मतःच गॉर्गन, म्हणजे राक्षसी आहे. सुंदर तरुणीला शाप मिळून केसांचे साप झाले ही गोष्ट रोमन कवी ओव्हिडची. पँडोराची ‘पेटी’ तर पेटी नव्हतीच. हेसिअडचा शब्द पिथॉस, म्हणजे धान्य-तेल साठवायचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मस या विद्वानाच्या लॅटिनमध्ये त्याची डबी झाली, आणि क्रेटॉस आजही पेटीच ढकलत नेतो. स्वतः क्रेटॉसही तसाच: प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नावावर असलेल्या नाटकात प्रोमिथियसला खडकाला जखडायला आलेली ‘बळ’ ही मूर्तिमंत शक्ती, स्पार्टाचा सैनिक नव्हे. शिंगांची शिरस्त्राणं तर कुठल्याच ग्रंथातली नाहीत. 1876 मध्ये जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी शिवलेल्या पोशाखांनी ती जगभर पोचवली.

नियमांतून पुराण सांगायचं जुनं उदाहरण म्हणजे 2002 चा ‘एज ऑफ मायथॉलॉजी’. अन्न, लाकूड आणि सोनं यांच्या जोडीला तिथे देवाची कृपा हे चौथं धन. ग्रीक झालात तर गावकरी देवळापाशी प्रार्थनेला बसवायचे. इजिप्शियन झालात तर स्मारकं बांधायची. नॉर्स झालात तर लढायचं. घरी बसून कृपा मिळत नाही. वल्हालातले, म्हणजे ओडिनच्या महालातले मेलेले योद्धे रोज एकमेकांना कापतात आणि संध्याकाळी उठून एकत्र जेवतात, हे लक्षात घेतलं तर नियम बरोबर बसतो. (रीस्पॉनची, म्हणजे मेल्यावर पुन्हा उभं राहून खेळायची कल्पना स्नोरीनेच लिहून ठेवलीय म्हणा ना.) ‘व्हॅलहाइम’ या गेममध्ये मात्र पहिला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आइकथिर बोलवायला हरणाची 2 मुंडकी वाहायची, एवढंच. वल्हालाच्या छतावर पानं खाणाऱ्या हरणाचं नाव घेतलंय, बाकी रचलेलं.

आपल्याकडचं कोणी असं का करत नाही, असंही विचारतात. केलंय. 2020 चा ‘राजी’ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने काढला. त्यात दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात.

पडताळायचं असेल तर असं करा. गेममधल्या वस्तूचं किंवा पात्राचं नाव आणि त्याचा एकच ठळक गुण कागदावर लिहा. नॉर्स असेल तर आधी स्नोरी उघडा, ग्रीक असेल तर हेसिअड आणि अपोलोडोरसच्या नावावरचा कथासंग्रह. गुण तिथे सापडला नाही आणि फक्त ओव्हिडकडे सापडला, तर ते रोमन वळण समजा. कुठेच नसेल तर गेमवाल्यांचं. आणि मूल लहान असेल तर ‘हेडीज’पासून सुरुवात करा; ‘गॉड ऑफ वॉर’ला युरोपात 18 वर्षांचं रेटिंग आहे.

‘हेडीज’मध्ये मरण हाच नियम आहे. पाताळाचा राजा हेडीज, त्याचा मुलगा झॅग्रियस आईला शोधायला पळून जायला बघतो, मरतो, पाताळातल्या स्टिक्स नदीच्या रक्ताच्या कुंडातून घरीच बाहेर येतो आणि दर वेळी कोणीतरी नवं काही बोलतं. वर पोचला तरी थोड्या वेळात मरतो, कारण पाताळाचा जीव वर टिकत नाही. आईची पूर्ण गोष्ट कळायला 10 वेळा सुटावं लागतं. झॅग्रियस हे नाव जुन्या साहित्यात अगदी थोड्या ठिकाणी येतं. पौराणिक गवई ऑर्फियसच्या नावाने चालत आलेल्या परंपरेत तो म्हणजेच मद्याचा देव डायोनायसस, झ्यूस आणि पर्सेफनीचा मुलगा. गेममध्ये मात्र तो हेडीजचा मुलगा. मग या दोन गोष्टींचं करायचं काय? गेममध्ये झॅग्रियस आणि डायोनायसस मिळून गवई ऑर्फियसला थाप मारतात की आम्ही दोघं एकच आहोत. ऑर्फियसला ते खरं वाटतं, आणि तो लगेच त्यावर स्तोत्र रचायला बसतो.